इल क्रॅगवर ठेवलेला दगड

आखातातल्या फुजैराच्या मराठी मंडळींत उपेंद्र धारप ‘ट्रेकर’ म्हणून ओळखला जातो, आणि ही ओळख त्याची त्यानेच करून दिलेली आहे. गणपतीच्या जेवणात कोणी गुडघेदुखीचा विषय काढला, की उपेंद्र राजगडावर पोचलाच म्हणून समजावं. तेलाच्या टर्मिनलवर तो इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, पन्नाशीला टेकला आहे, पोट पट्ट्यावरून डोकावतं. पण हिवाळ्यात शनिवारी सकाळी चार-सहा कुटुंबांना डोंगरात घेऊन जायचं, सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि मागे वळून अरबीत ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, चला’, करायचं, हा मान त्याचा. त्याची बायको अर्चना म्हणते, हा सिंहगड चढला नसता तर सिंहगडाचंच नुकसान झालं असतं.

अशा माणसाची झोप एका डोंगराने उडवली होती. तोही साधासुधा नाही, थेट इंग्लंडातला.

त्याचं असं झालं. सूर्यकांत सामंत हे त्याच टर्मिनलवरचं जुनं खोड. उपेंद्र इथे नवा आला तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांच्याच हॉलमध्ये गादी टाकून राहिला होता, आणि सुचित्राकाकूंनी त्याला माशाचं तिखलं खाऊ घालून पुणेरीपणातून बरंच बाहेर काढलं होतं. या काकूंचा एक नाद होता. डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात फिरायला गेलं की त्या हाताच्या तळव्यात मावेल असा गुळगुळीत काळपट दगड शोधून आणायच्या, धुवायच्या आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने रांगोळी काढायच्या. गोपद्म, कमळ, शंख. ओळखीच्या कोणाचं नवं घर झालं की ‘फुजैराची आठवण’ म्हणून एक दगड तिथे जायचा. रुवैसपासून शारजापर्यंत कितीतरी मराठी घरांच्या शोकेसमध्ये काकूंचे दगड बसले आहेत, आणि कोणाला ते हलवायचा धीर होत नाही.

लेक मुग्धा इंग्लंडात प्रेस्टनला असते. तिच्याकडे गेल्या असताना गाडीच्या काचेतून काकूंनी तिथले डोंगर पाहिले आणि म्हणाल्या, “यातला सगळ्यात उंच कुठला? तिथे माझा एक दगड ठेवून या कोणीतरी. माझे गुडघे काही मला नेणार नाहीत.” गमतीत म्हणाल्या. पुढच्या वर्षी काकू गेल्या. मग ती गंमत राहिली नाही.

सूर्यकांतकाकांनी गोपद्मांचा एक दगड निवडला, रुमालात बांधला आणि मुग्धाला कळवलं, की मी चढणार. मुग्धा घाबरली. पासष्टीचा माणूस, परका डोंगर, तिथली हवा. शेवटी ती एका अटीवर तयार झाली : उपेंद्रकाका सोबत असतील तर. उपेंद्रला सप्टेंबरात मँचेस्टरला कंपनीचं ट्रेनिंग होतंच. त्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं, “मुग्धा, तू चिंता करू नकोस. काकांना मी वर नेऊन खाली आणतो. आपल्या सह्याद्रीपुढे ते डोंगर म्हणजे टेकाडं गं.”

ते टेकाड म्हणजे स्कॅफेल पाइक, इंग्लंडातलं सर्वांत उंच शिखर. आणि त्या टेकाडाने उपेंद्रची रग जिरवली. सीथवेट नावाच्या वाडीतून निघाले तेव्हा ऊन होतं. निम्म्यात धुकं आलं, मग पाऊस, मग दोन्ही. बूट आतून भिजले. मांड्या भरून आल्या. वर गेल्यावर तर वाटच संपली आणि दगडच दगड सुरू झाले, कोणी डोंगर फोडून ढीग तसाच टाकून गेल्यासारखे. उपेंद्र दर पावलाला दोन्ही हात टेकत होता. आणि काका? काका पुढे होते. अंगात पिवळा रेनकोट, हातात मुग्धाने दिलेली काठी, आणि मधूनच मागे वळून हसत विचारणं, “काय रे, यल्ला ना?”

फोनच्या नकाशात उपेंद्र आपला निळा ठिपका बघत होता. पाइक अजून बराच पुढे होता. आधी हे दगडांचं रान, मग खाली एक खिंड, मग पुन्हा उभी चढण. तेवढ्यात धुकं क्षणभर विरळ झालं आणि डाव्या हाताला, वाटेपासून जरा बाजूला, एक दगडी माथा वर आलेला दिसला.

“उपेंद्र,” काका काठी उंचावून म्हणाले, “तेच ना?”

नकाशात त्या माथ्याचं नाव लिहिलेलं होतं. इल क्रॅग. उंचीने तोही काही लेचापेचा नाही, इंग्लंडातल्या पहिल्या चार-पाचांत त्याचा नंबर लागतो. पण सगळ्यांना पाइकवर जायचं असतं, त्यामुळे माणसं त्याच्या कुशीतून जातात आणि त्याच्याकडे मान वळवून बघतही नाहीत. उपेंद्रने ते नाव वाचलं. फोन खिशात टाकला. आणि म्हणाला,

“हो काका. तेच.”

वर एक दगडांचा बारीकसा ढीग होता आणि वारा होता. दुसरं कोणीही नव्हतं. काकांना नवल वाटलं. “अरे, इंग्लंडचं सगळ्यात उंच शिखर, आणि चिटपाखरू नाही?”

“अशा हवेत कोण येणार काका? शहाणी माणसं घरी बसलीत.”

काका मनापासून हसले. मग त्यांनी रुमाल सोडला, दगड कपाळाला लावला, ढिगाच्या मागच्या फटीत नीट बसवला आणि गोपद्मं वर येतील असा फिरवला. “घे,” ते म्हणाले, “सगळ्यात उंच ठेवलं तुला. आता खाली बघून सगळ्यांना नावं ठेव.” आणि मग तो कधीही न रडणारा माणूस उपेंद्रच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. उपेंद्रने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हाताची त्याला तिथेच लाज वाटली. पण बोलायची वेळ निघून गेली होती. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं.

तेव्हापासून उपेंद्रने स्वतःला पुष्कळ काही सांगून पाहिलं होतं. काकांच्या जिवाची काळजी म्हणून केलं. दगड निसरडे होते. अंधार पडला असता. वकील भाड्याने घेतला असता तरी इतकी चांगली बाजू मांडली नसती. पण कोर्टही तोच होता ना! आणि त्या कोर्टाला माहीत होतं की काका दमले नव्हते. दमला होता उपेंद्र धारप, आणि ‘काका, मी दमलो’ एवढं म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती.

फुजैराला परतल्यावर काकांनी ही कथा घरोघरी सांगितली. धुक्यातला फोटो ग्रुपवर फिरला. प्रत्येक वेळी शेवट ठरलेला : “उपेंद्र नसता तर मी कुठला जातोय!” उपेंद्र ताटात बघत म्हणायचा, “काहीतरीच काय काका.” लोकांना तो विनय वाटायचा.

जूनमध्ये काकांच्या निवृत्तीचे कागद झाले. नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की फुजैरा संपतं. कितीही वर्षं राहा, इथला नियम एकच. काकांचं विमान रविवारचं होतं; मराठी मंडळाने त्याआधी निरोपाचा कार्यक्रम ठरवला आणि शिखरावरचा फोटो फ्रेम करून द्यायचं नक्की केलं. तो आठवडा सुरू होता होताच मुग्धाचा फोन आला.

“उपेंद्रकाका, बाबा जवळपास नाहीत ना?”

“नाही गं. मी गाडीत आहे. बोल.”

“आम्ही गेल्या रविवारी पाइकवर जाऊन आलो. शुभ्राला घेऊन. ती कधीपासून मागे लागली होती, आजीचा स्टोन बघायचा म्हणून. दहा वर्षांची पोर, सगळा डोंगर चढली. आणि दगड नाहीये, काका. बाबांनी सांगितलं होतं छोटा ढीग आहे, तर तिथे केवढा मोठा चौथराच आहे, आणि माणसांची ही गर्दी, सँडविच खात बसलेली. मला वाटलं धुक्यात त्यांना नीट दिसलं नसेल. आम्ही फटीन् फट शोधली. कोणीतरी उचलून नेला बहुतेक.”

उपेंद्रने गाडी बाजूला घेतली.

“आणि नेमका बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तुम्हाला खोटं सांगत नाही, माझ्या तोंडून निघूनच गेलं, हो बाबा, सापडला, अगदी जिथे ठेवलात तिथेच आहे. एवढे खूश झाले ते! आता म्हणतात फोटो पाठव, मंडळाच्या लोकांना दाखवायचाय. काका, एक काम कराल? तिथे तुमच्याकडे तसे दगड मिळतात. एक आणून गोपद्मं काढाल का? फोटो काढा, बाकी मी इकडचं बॅकग्राउंड लावून घेते. बाबा एकटे ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला चाललेत. जाताना हे नको ना त्यांना कळायला. आणि तुमच्याशिवाय कोणाला सांगणार? तुम्हीच होतात ना सोबत.”

उपेंद्र म्हणाला, “बघतो.” हा दुसरा शब्द, ज्याची त्याला पुढे लाज वाटायची होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो ओढ्यात गेला. जूनमध्ये फुजैराच्या डोंगरात सकाळीही कोणी शहाणा जात नाही. दगड तापायला लागले होते. त्याने काकूंच्या दगडासारखा एक शोधला, घरी आणला, धुतला, आणि डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून, जीभ दातात धरून, गोपद्मं काढायला बसला. अर्चना चहा घेऊन आली आणि थबकली.

“हे काय? बदकाचे पाय?”

“गोपद्मं आहेत.”

“गाईने पाहिलं तर दूध द्यायची बंद होईल.” मग तिने दगडाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज बदलला. “उपेंद्र, काकूंचा दगड का काढतोयस तू?”

त्याने सांगितलं. सगळं नाही, मुग्धाचं तेवढं सांगितलं. खोटं बोलायची सवय लागली की माणूस खऱ्याचाही तुकडाच वाढतो. अर्चना डोळे पुसत म्हणाली, “बिचारी पोर. कर बाबा. पुण्य लागेल.”

ते ‘पुण्य’ उपेंद्रला टोचलं. त्याने चार वेळा रंग पुसून पाचव्यांदा काढला. मग तो त्या वेड्यावाकड्या खुरांकडे बघत बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की आता फोटोही तोच काढणार, निरोपाच्या दिवशी फोटोवर टाळ्याही त्याच्यासमोर पडणार, आणि काका ठाण्याच्या घरात रोज सकाळी त्या बदकाच्या पायांना नमस्कार करणार. चोरीचा माल ठेवायला देव्हारा!

फोटो त्याने काढला मात्र. पाठवायला फोन उघडला तर मुग्धाचा मेसेज आधीच आला होता : काका, झाला का? जरा घाई आहे. शुभ्राचं काहीतरी बिनसलंय.

त्याने फोन लावला. “काय झालं शुभ्राला?”

“काका, ती त्या दिवसापासून बाबांशी बोलत नाही. व्हिडिओ कॉल आला की बाथरूममध्ये जाऊन बसते. बाबांना वाटतं पोरीला आता आजोबा नकोसे झाले. काल रात्री मी जवळ घेऊन विचारलं, तेव्हा रडत बोलली. त्या चौथऱ्यावर ती चढत होती ना, तेव्हा तिच्या पायाने एक-दोन दगड सुटून खाली घरंगळले. तिला वाटतंय त्यातच आजीचा होता. म्हणते, आय पुश्ड आजी डाउन द माउंटन, मम्मा. मी किती समजावलं, पण ऐकेचना. तिला सांगू तरी काय? की नव्हताच तिथे? मग कुठे गेला?”

उपेंद्रने फोन ठेवला, त्यातला दगडाचा फोटो पुसून टाकला, आणि चपला घालून निघाला. अर्चनाने कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाला, “तुला मी अर्धंच सांगितलं. आल्यावर उरलेलं सांगतो.”

काकांच्या घरात कार्गोची खोकी उघडी पडली होती. काका जमिनीवर मांडी घालून काकूंचे उरलेले दगड टॉवेलांत गुंडाळत होते. “ये ये,” ते म्हणाले. “बरा आलास. हा शंखवाला तू आणि अर्चना ठेवा. सगळे नेले तर विमान उडायचं नाही.”

“काका, मला बोलायचंय.”

“बोल की. चहा टाकू?”

“नको. काका, आपण पाइकवर गेलोच नव्हतो.”

काकांचे हात थांबले नाहीत. त्यांना नीट समजलंच नव्हतं. “म्हणजे?”

“आपण गेलो तो बाजूचा डोंगर. इल क्रॅग नाव आहे त्याचं. तिथे कोणी जात नाही. पाइक अजून पुढे होता. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या फोनमध्ये नाव दिसत होतं. मी खोटं बोललो.”

आता हात थांबले. बाहेर मशिदीतून मगरिबची, संध्याकाळची अजान सुरू झाली आणि संपली. काका टॉवेलाचं टोक आत खोचायचा प्रयत्न करत होते आणि ते पुन्हा पुन्हा बाहेर येत होतं.

“मला जमलं नसतं असं वाटलं तुला?”

इथे पळवाट होती. रुंद, उताराची, सोपी. उपेंद्रने हो म्हटलं असतं तर निम्मं पाप धुतलं गेलं असतं, आणि काकांनीच ते धुऊन दिलं असतं.

“नाही काका. तुम्हाला जमलं असतं. तुम्ही पुढेच होतात. मी दमलो होतो.”

“दमला होतास.”

“हो.”

“मग दमलो म्हणायचंस ना रे,” काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “बसलो असतो घटकाभर. तुझ्या पिशवीत लाडू होते. खाल्ले असते. नसतं जमलं तर नसतं जमलं. तिला मी सांगितलं असतं, की बाई, इथवरच आलो. तिने काय मला नावं ठेवली असती? मी तिला सगळ्यात उंच ठेवलं म्हणालो रे. तुझ्यासमोर म्हणालो.”

मग उपेंद्रने मुग्धाचंही सांगितलं, शुभ्राचंही. मुग्धाच्या थापेचं ऐकताना काकांनी हात झटकून ते बाजूला टाकलं. शुभ्राचं ऐकल्यावर मात्र ते गुडघ्यावर जोर देऊन उठले.

“म्हणजे माझी पोर इतके दिवस हे उरात घेऊन बसलीय? फोन लाव. तिची शाळा सुटली असेल. मी नाही, तू बोल. तुझं तू सांग तिला.”

मुग्धाने फोन उचलला. उपेंद्र एवढंच म्हणाला, “शुभ्राला दे, आणि स्पीकरवर ठेव. तू पण ऐक.” थोड्या वेळाने एक बारीक आवाज आला, “हॅलो अंकल.”

आयुष्यात उपेंद्रने ऑडिटरांपुढे, साहेबांपुढे, पोलिसांपुढे इंग्रजी झाडलं होतं. आता त्याला एक धड वाक्य सुचेना.

“शुभ्रा, बेटा, लिसन. आजीज स्टोन वॉज नेव्हर देअर. यू लुक्ड ऑन द राँग माउंटन. बिकॉज आय टुक आजोबा टु द राँग माउंटन. द स्टोन इज ऑन अ डिफरंट वन.”

“यू गॉट लॉस्ट?”

“नो, बेटा. आय न्यू. आय लाइड टु हिम.”

पलीकडे मुग्धाने ‘काका!’ असं म्हटल्याचं ऐकू आलं. पोर विचार करत होती.

“सो आय डिडन्ट पुश आजी?”

“नाही गं बाळा,” उपेंद्रचं इंग्रजी संपलं. “तू नाही. तू काहीसुद्धा केलं नाहीस. मी केलं.”

फोनमधून एक मोठा श्वास आला, रडण्याआधीचा किंवा रडून झाल्यानंतरचा. मग ती म्हणाली, “कॅन आय टॉक टु आजोबा नाऊ?”

काकांनी त्याच्याकडे न बघता फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन दार ओढलं. काचेपलीकडे ते बोलत होते, मान हलवत होते, एकदा तर हसले. उपेंद्र खोक्यांमध्ये उभा राहिला. बसायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि या घरात त्याला बस म्हणून कधी सांगावं लागलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने काका आत आले. डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता. “ती म्हणते, सुट्टीत त्या दुसऱ्या डोंगरावर जायचं. मुग्धाला त्याचा नकाशा पाठव.”

“पाठवतो काका. आजच पाठवतो. मंडळातही मीच सांगेन सगळ्यांना.”

“ते तुझं तू बघ.” काका पुन्हा खाली बसले आणि अर्धवट गुंडाळलेला दगड त्यांनी हातात घेतला. “आणि रविवारी तू नको येऊस.”

परदेशात माणसाला शेवटच्या दिवशी विमानतळावर कोण सोडतं, त्यावरून त्याचं तिथे कोण होतं ते कळतं. दुबईपर्यंत गाडी उपेंद्रची, हे कोणी ठरवलेलंही नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं.

“काका, एवढं सामान आहे. पहाटेची वेळ. मी—”

“टॅक्सी सांगितलीय मी,” काका म्हणाले.

सांगितलेली नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं. उपेंद्र ‘बरं’ म्हणाला आणि दार हळूच लावून जिना उतरला.